१९७० ची फियाट की १९८६ ची मारुती? दोन काळांतल्या गाड्यांची तुलना कशी करावी

‘फियाटचे ब्रेक मारुतीसारखे लागत नाहीत.’ जुन्या गाड्यांच्या गप्पांत हे वाक्य निघालं की मी लगेच विचारतो, कोणत्या फियाटचे? कारखान्यातून नवी निघालेल्या, की आज तुमच्या अंगणात उभ्या असलेल्या, ब्रेकचे लायनर घासलेल्या आणि चाकातल्या ब्रेक-ड्रमला लेथवर टर्निंग मारून मारून पातळ केलेल्या फियाटचे? या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. जुन्या गाड्यांची तुलना फसते ती इथेच.

मी मोटार विम्याचा सर्वेयर होतो. नागपूर, वर्धा, भंडारा या पट्ट्यात ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्यांच्या पोटाखाली वाकून बघण्यात नोकरी गेली. आता जुनी गाडी घेणारे लोक विचारायला येतात. यंदा तर घरचाच माणूस आला. धरमपेठेत एका बंगल्यात १९७० ची फियाट ११०० आणि त्रिमूर्तीनगरात १९८६ ची मारुती ८००, दोन्ही भाच्याच्या डोळ्यांत भरलेल्या. "मामा, दोघी एकाच भावात येऊन रायल्या. कोणती भारी, तेवढं सांगा बस."

कोणती भारी ते मी सांगत नाही. वही काढायला सांगतो.

वहीत प्रत्येक गाडीसाठी तीन रकाने आखायचे: जन्माचं, झिजेचं, हाताचं. गाडी नवी असतानाच जे तसं होतं ते जन्माचं. वापरानं, उन्हानं, पाण्यानं जे झालं ते झिजेचं. आणि कुणा मालकानं, मिस्त्रीनं, पेंटरनं जे करून ठेवलं ते हाताचं. दोन काळांची तुलना होते ती फक्त पहिल्या रकान्यात. दुसऱ्या रकान्यावरून भाव ठरतो, आणि तिसऱ्यावरून सौदा करायचा की नाही ते. हे तिन्ही एकत्र कालवले की माणूस सुस्थितीतली फियाट सोडून रंग मारलेली मारुती घरी आणतो, किंवा उलट.

डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) असलेल्या जुन्या फियाटमध्ये इंजिन हळू चालत असताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, हेडलाइट मंद होतात. रेस दिली की दिवा विझतो. मारुतीची सवय असलेला माणूस म्हणेल, वायरिंग गेलं. गेलं-बिलं काही नाही, डायनॅमो कमी फेऱ्यांवर तेवढाच करंट देतो. ही नोंद पहिल्या रकान्यात. फियाटचा पहिला गियर गाडी पूर्ण थांबायच्या आत टाकला तर करकरतो, कारण त्या गियरला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग जुळवून घेणारी कडी, नाहीच. हेही जन्माचंच. पण दुसरा गियर करकरला तर ती झीज, कारण त्याला सिंक्रो आहे. अशा दोन-चार गोष्टी आधी माहीत करून घेतल्याशिवाय गाडी बघायला जाऊच नये. त्या मॉडेलचं मूळ मालक-पुस्तक कुठे मिळालं तर उत्तम. नाहीतर ती गाडी वर्षानुवर्षं चालवलेल्या एखाद्या म्हाताऱ्या ड्रायव्हरसोबत बसून तासभर चहा प्या, तो पुस्तकापेक्षा जास्त सांगेल.

आधी कागद, मग बोनेट

आरसी बुक हातात घ्या आणि चासी नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. आकडे कागदावर उमटतात. आम्ही सर्वेयर प्रत्येक क्लेमला हे करायचो. नुसत्या डोळ्यांनी वाचताना ३ आणि ८ सारखे वाटतात, ट्रेसिंगमध्ये खाडाखोड आणि वेल्डिंगच्या कडा लपत नाहीत. इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर घाबरू नका, पण विचारा. फियाटमध्ये इंजिन बदललेलं असणं नवलाचं नाही. ते आरसीवर चढवलंय का, एवढंच बघायचं.

इथे वयाचा एक मोठा फरक पडतो. केंद्रानं २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार, फेरनोंदणीला पाच हजार रुपये शुल्क, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, इतपतच. धरमपेठेची फियाट या दारातून जाऊ शकते. त्रिमूर्तीनगरच्या मारुतीला अजून थांबावं लागेल. तिच्यासाठी नेहमीचाच मार्ग: फिटनेस दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. फियाटही याच नेहमीच्या मार्गानं ठेवता येते. म्हणून आधी स्वतःला विचारा, गाडीनं रविवारी फुटाळा तलावावर जायचंय की रोज पोराला शाळेत सोडायचंय? रोज वापरायची असेल तर ‘व्हीए’च्या मोहात पडू नका.

पत्रा

नागपूरची हवा पत्र्याला बरी आणि रबराला वाईट. इथेच वाढलेल्या गाडीचा पत्रा मुंबई-कोकणातल्या गाडीपेक्षा खूप कमी सडतो. पण मे महिन्यात ४५-४६ अंशांचं ऊन खाऊन काचेची बीडिंग, होज पाइप, डॅशबोर्ड फुटतात. म्हणून गाडी आधी कुठे राहिली, ते आरसीवरच्या पत्त्यांवरून काढा. समुद्राकाठची गाडी असेल तर चकाकत्या रंगावर बिलकूल विश्वास ठेवू नका.

या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे फरशी सडली तर ते नुसतं दिसण्याचं दुखणं नसतं. फियाटमध्ये दाराखालची चौकट, जॅक लावायच्या जागा आणि डिकीचा तळ बघा. मारुतीत बोनेट उघडून पुढचे शॉकअप जिथे वरून बॉडीला बसतात त्या गोल टोप्या बघा, मग बॅटरीखालचा पत्रा, मागच्या दाराची खालची कड. साधा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. पुट्टी असणं गुन्हा नाही. मडगार्डवर बोटभर पट्टीत असेल तर कोण्या एका दिवशी ठोकर लागली असेल, विषय संपला. पण चौकटीवर हातभर पुट्टी लागली तर तिसऱ्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहा, कारण ती सडलेला पत्रा झाकायला भरलीय.

फियाटचा पत्रा जाड आणि मारुतीचा पातळ, हे सगळेच बोलतात. ते पहिल्या रकान्यातलं आहे, तिथेच राहू द्या. पातळ पत्र्याची शाबूत गाडी जाड पत्र्याच्या सडक्या गाडीपेक्षा कधीही बरी.

इंजिन: एका सिलिंडरचा फरक

फियाट १०८९ सीसी, चार सिलिंडर. मारुती ७९६ सीसी, तीन सिलिंडर. आकडे ऐकून फरक भला मोठा वाटतो. पण आत बघा: फियाटचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. मारुतीचा बोअर ६८.५, स्ट्रोक ७२. म्हणजे एकेक सिलिंडर जवळपास सारख्याच मापाचा, २७२ सीसी आणि २६५ सीसी. मारुतीत एक सिलिंडर कमी, एवढंच. आणि तरी ताकद दोघींची चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपासच. मधल्या वर्षांत काय घडलं ते यात दिसतं. फियाटमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये आणि पुशरॉडनं व्हॉल्व्ह हलतात. मारुतीत कॅम वर हेडमध्येच, पट्ट्यावर फिरणारा. हलणारं वजन कमी, म्हणून इंजिन जास्त फेऱ्या सोसतं. त्यात फियाटचं वजन नऊशे किलोंच्या घरात आणि मारुतीचं साडेसहाशेच्या आसपास. मारुती चपळ का वाटते, याचं अर्धं उत्तर वजनकाट्यावरच मिळतं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. ही तपासणी कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये होते, आणि मी ती कधी सोडत नाही. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, कॉइलची वायर काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि गेजची सुई चढायची थांबेपर्यंत सेल्फ मारा. आमच्या फियाटचे चारही आकडे ११० ते ११५ पौंडांत आले. मारुतीचे आले १५०, १४८ आणि ११८. भाचा खूश. "मारुतीचं इंजिन तगडं आहे मामा, सगळ्यात कमी आकडाही फियाटच्या वर!"

नेमकी इथेच माणसं चुकतात. फियाटचं इंजिन ज्या काळातलं, त्या काळच्या हलक्या पेट्रोलसाठी तिचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं आहे. म्हणून फियाटचा आकडा मारुतीच्या आकड्याशी लावायचाच नाही. फियाटचा सिलिंडर फियाटच्याच बाकीच्या सिलिंडरांशी लावायचा. तिथे चारही सारखे, म्हणजे तब्येत ठणठणीत. मारुतीत तिसरा सिलिंडर शेजाऱ्यांपेक्षा वीस टक्क्यांनी खाली. दहा टक्क्यांवर फरक गेला की मी पेन उचलतो. मग त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. आकडा १४० वर चढला. ऑइलनं फट बुजली, म्हणजे पिस्टनच्या रिंग झिजल्या. चढला नसता तर व्हॉल्व्हवर संशय गेला असता. मारुतीच्या दुसऱ्या रकान्यात लिहिलं: रिंग, इंजिन उघडणे.

मारुतीचा टायमिंग पट्टा कधी बदलला, ते विचारा. मालक सांगू शकला नाही तर बदलायचाच आहे असं धरून चाला. आणि दोन्हींचे पेट्रोलचे रबरी पाइप, पंपाचा आणि कार्बोरेटरचा पडदा बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि या दोन्ही गाड्यांचं मूळ रबर त्यासाठी बनलेलंच नाही. पाइप बोटानं दाबून पाहा, चिकट किंवा फुगीर लागला तर बदला. खर्च किरकोळ आहे, पण न केल्यास गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं.

खालून

फियाटचं पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खटखट आली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटखट थांबली तर चाकाचं बेअरिंग ढिलं. तशीच राहिली तर किंग पिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ, झिजली. किंग पिनला वेळोवेळी ग्रीस लागतं, आणि ग्रीस मारणारी पिढी गेल्यापासून बऱ्याच फियाट याच कारणानं लडबडतात. मारुतीत किंग पिन नाही. तिथे स्टेअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या जागेत हळू गोल फिरवा. पुढून कटकट-कटकट आली तर एक्सलचा सीव्ही जॉइंट गेला. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा हा ठरलेला आजार. फियाट मागच्या चाकांवर चालते, तिला तो होत नाही, पण तिच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गियरच्या डब्याचा, हुंकार ऐका.

स्टेअरिंगची तुलना करताना फियाटला झुकतं माप द्या. तिच्या स्टेअरिंग बॉक्समध्ये थोडी मोकळीक मूळचीच असते, मारुतीच्या रॅक पद्धतीच्या स्टेअरिंगमध्ये नसते. स्टेअरिंग दोन बोटांपेक्षा जास्त नुसतंच फिरत असेल तर मात्र ती झीज. स्टेअरिंगजवळचा फियाटचा गियर लोंबत असेल तर गियरबॉक्सला दोष द्यायची घाई नको, बहुतेक वेळा मधल्या दांड्यांचे बुश खपलेले असतात आणि ते स्वस्तात होतं.

एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर

एक गाडी आज सकाळी आणि दुसरी पुढच्या रविवारी चालवली तर ती तुलनाच नाही. दोन्ही एका दुपारी, एकाच ड्रायव्हरनं, तेवढीच माणसं बसवून. निघायच्या आधी टायरमध्ये हवा नीट भरा आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गोटे झालेले टायर असतील तर चांगली गाडीही वाईट चालते.

आम्ही लॉ कॉलेज चौकातून निघून फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ घेतला, मग उतरून सीताबर्डीच्या गर्दीत, आणि शेवटी वर्धा रोड. चढावर फियाट तिसऱ्यात शांतपणे ओढत राहिली. मारुतीला त्याच जागी दुसरा टाकावा लागला, पण दुसऱ्यात ती पळाली. यात कोण श्रेष्ठ हा प्रश्न चुकीचा आहे, दोघींची ताकद वेगवेगळ्या फेऱ्यांवर येते. त्यात मारुतीची तिसऱ्या सिलिंडरची रड होतीच, हे विसरून चालणार नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. फियाटच्या चारही चाकांना ड्रम आहेत. सलग ब्रेक दाबून धरला की ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. खालच्या गियरवर उतरवा आणि पायथ्याशी पोचल्यावर ब्रेक एका बाजूला ओढतो का तेवढं बघा. ओढणं ही झीज, तापून मंदावणं जन्माचं.

सिमेंट रोडच्या जोडांवर खरी परीक्षा होते. आपल्या गावात ते जागोजागी आहेत, त्याचा फायदा घ्या. रेडिओ बंद, काचा वर, वेग चाळीस. प्रत्येक जोडावर एकच ‘ठप’ आला तर ठीक. ‘ठप-खडखड’ आला तर कोणत्या कोपऱ्यातून ते मागच्या सीटवर बसलेल्यानं सांगायचं. लांब चाकांतरामुळे आणि वजनामुळे फियाट जोड गिळते, मारुती दाखवते.

सीताबर्डीत दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, एप्रिल-मे असेल तर फारच छान. दोन्ही गाड्या कार्बोरेटरच्या, दोन्हींचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला. रेंगाळत्या गर्दीत पंप इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पुरवठा तुटतो आणि गाडी गचके खाऊन बंद पडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते यासाठी. गाडी अशी बंद पडली तर चिडू नका, तापमानाचा काटा बघा. काटा जागेवर आहे आणि फडक्यानं पाच-दहा मिनिटांत चालू झाली, तर तो काळाचा गुण. काटा वर चढला असेल तर रेडिएटर चोंदलंय, आणि तो खर्च दुसऱ्या रकान्यात. विकणाऱ्यानं ‘डिसेंबरात या, मस्त चालवून बघा’ म्हटलं तर समजून जा.

सामान कुठून येणार

इथे मात्र मी उघड बाजू घेतो. मारुतीचं ७९६ सीसी इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. आठशे स्वतः २०१४ पर्यंत. त्यामुळे इंजिनाचं सामान गल्लीतल्या दुकानातही मिळतं. मात्र १९८६ च्या गाडीचे दिवे, बंपर, आतली ट्रिम शोधायला घाम फुटेल, कारण नंतरच्या आठशेचा चेहरा बदलला. फियाटचं उलट आहे. हीच गाडी पुढे आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईत टॅक्सी म्हणून धावली, म्हणून सामान बराच काळ मुबलक होतं. त्या टॅक्सींतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता जे आहे ते जुना साठा आणि भंगारातून काढलेलं. फियाट घेणाऱ्यानं किंग पिन, वॉटर पंप, ब्रेक सिलिंडरचे किट आधी मिळवावे, मग सौदा करावा. आणि हँडलचा, म्हणजे स्टेअरिंगजवळचा, गियर जमवणारा मिस्त्री गावात कोण उरलाय, त्याचं वय काय, हेही विचारून घ्यावं. थट्टा नाही करत.

सौदा

वही पुढे ठेवा. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर मिस्त्रीकडून घेतलेला खर्च लिहा आणि बेरीज मागितलेल्या भावातून वजा करा. मालकाशी हुज्जत न घालता वहीच दाखवा, माणसं आकड्यांपुढे नरमतात. तिसऱ्या रकान्यात वायरिंग जोडून-जोडून केलेलं, चौकटीत पुट्टी, छत कापून काही बसवलेलं असेल तर वजाबाकी करू नका, उठून या. सहज काढून टाकता येण्याजोगं, जसं वरून लावलेला म्युझिक सिस्टिम किंवा सीट कव्हर, ते सोडून द्या.

आमच्या बेरजेत मारुती रिंगच्या कामामुळे महाग पडली आणि फियाट झिजलेल्या किंग पिनचा खर्च धरूनही स्वस्त. भाच्याला मी फियाट सुचवली, कारण त्याच्याकडे रोजची स्कूटर आहे आणि गाडी सुटीच्या दिवसापुरती हवी होती. त्याला रोज हिंगण्याला कामावर जायचं असतं तर इंजिन उघडायचा खर्च धरूनसुद्धा मारुतीच म्हटलं असतं.

भाव ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ वर तिथली एनओसी, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५. नागपुरात एमएच-३१, एमएच-४९ आणि ग्रामीणचं एमएच-४० अशी तीन कार्यालयं आहेत. विकणारा आणि घेणारा एकाच गावात राहत असले तरी पत्त्याप्रमाणे कार्यालय बदलू शकतं, ते आधीच बघून घ्या. विमा नावावर करायला चौदा दिवस मिळतात. जुन्या गाडीला विमा कंपनीचा माणूस तपासणीला येईल, तेव्हा चासी नंबरावरचं ग्रीस आधीच पुसून ठेवा, त्याचं आणि तुमचं दोघांचंही काम लवकर होतं.